जावक क्रमांक ११४, डेन्मार्क

आखाडा बाळापूरहून हिंगोलीकडं निघालं की थोड्या अंतरावर डाव्या हाताला पत्र्याची एक शाळा लागायची. तिच्या ऑफिसात हरिचंद बाबूसिंग राठोड नावाचा कारकून होता की नव्हता, हे शेवटपर्यंत नक्की झालं नाही.

होता म्हणावं, तर १९९६ च्या जूनपासून तो रोज साडेदहाच्या आत यायचा, कुलूप काढायचा, मस्टरवर सही करायचा आणि पाचला शाळा सुटल्यावर खिडक्या लावून तांड्यावर परत जायचा. नव्हता म्हणावं, तर त्याच्याजवळ नेमणुकीचा कागद नव्हता आणि त्याला पगारही नव्हता. शाळा विनाअनुदानित होती. सरकार कधीतरी अनुदान देईल, तेव्हा पगार सुरू होईल, तोवर सगळ्यांनी निष्ठेनं सेवा करायची, असं संस्थेचे अध्यक्ष भागवतराव दर पंधरा ऑगस्टला सांगायचे. भागवतरावांना सगळे आबा म्हणत. आबांचं खत-बियाण्याचं दुकान बाळापूरच्या मेन रोडवर होतं आणि तिथल्या नोकरांना मात्र निष्ठेशिवायही पगार मिळे.

अनुदान आलं की शिक्षणाधिकारी एक यादी मंजूर करणार. यादीत ज्याचं नाव तो कायमचा, बाकीच्यांनी घरी जायचं. एवढ्या एका यादीसाठी हरिचंद रोज चार किलोमीटर सायकल मारत होता. सकाळी शेतात, दिवसभर ऑफिसात. बायको निलम म्हणायची, "लग्नाच्या येळेला सांगितलं व्हतं की पोरगा शाळंत हाय. खोटं न्हाई सांगितलं. हायच शाळंत."

हरिचंदला एकच वेड होतं, ते कागदाचं. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा शाळेच्या मान्यतेची फाईल परभणीहून निघाली आणि हिंगोलीला पोचलीच नाही. परभणीवाले म्हणाले पाठवली, हिंगोलीवाले म्हणाले आली नाही, आणि आबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या वेळी हरिचंदनं कपाटातून गठ्ठा काढला. शाळेतून बाहेर गेलेल्या प्रत्येक कागदाची त्यानं स्थळप्रत ठेवलेली होती, म्हणजे पाठवलेल्या कागदाची शाळेत राहणारी नक्कल. प्रत्येकीवर जावक क्रमांक, तारीख, आणि जावक रजिस्टरमध्ये त्याची नोंद, लाल रेघ मारून. शाळा वाचली. आबांनी त्याला शाल आणि नारळ दिला. तेव्हापासून तर हरिचंद सुट्टीच्या अर्जालाही जावक क्रमांक घालायला लागला.

शाळेतला कॉम्प्युटर आणि प्रिंटर एका साखर कारखान्यानं मोडीत काढलेले होते. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, म्हणजे टिपके ठोकून छापणारा. त्याच्या तोंडात सुईसारख्या नऊ पिना एकाखाली एक उभ्या, त्या फितीवर आपटतात आणि कागदावर अक्षर उमटतं. आवाज असा की शेजारच्या वर्गात सुदाम सरांना गणित थांबवावं लागे. कॉम्प्युटर व्हायरसनं मेलेला होता. हरिचंदनं नांदेडला बीएस्सी करताना वर्षभर कॉम्प्युटरचा क्लास केला होता. तिथल्या एका मित्राकडून त्यानं फुकट मिळणाऱ्या लिनक्सची सीडी आणली, कॉम्प्युटरमध्ये घातली आणि दोन आठवड्यांच्या झटापटीनंतर यंत्र पुन्हा बोलायला लागलं.

२००३ च्या जूनमध्ये, नेमकं दाखल्यांच्या गर्दीत, प्रिंटरची पाचवी पिन तुटली. नऊपैकी एक, काय मोठं, असं कुणालाही वाटेल. पण त्या एका पिनेमुळं छापलेल्या प्रत्येक ओळीतून एक बारीक पांढरी रेघ आडवी जाऊ लागली, आणि ती नेमकी नावांच्या डोक्यावरून जायची. शिरोरेषा गेलेली नावं पदर पडलेल्या बाईसारखी उघडी दिसत. हेडमास्तर कोंडीबा सरांनी दाखला उजेडात धरला.

"राठोड, पोरांची हजामत करून पाठवतो का आपण?"

"पिन तुटली सर."

"मग बसवा."

पिन नांदेडला मिळेना, औरंगाबादला मिळेना. तिथला दुकानदार म्हणाला, हा प्रिंटर आता फेकायचा असतो. एक पालक हिंगोलीच्या कॉलेजातून दाखला परत घेऊन आला. कॉलेजवाल्यांना तो खाडाखोड केलेला वाटला होता.

त्या रविवारी हरिचंदची आई रूपाबाई दारात बसून कांचळीवर, म्हणजे तांड्यावरच्या बायकांच्या चोळीवर, टाके घालत होती. त्याच्या तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडी जाताना एक टाका घालायची, एक जागा सोडायची, आणि ओळ संपली की त्याच ओळीनं उलटी येत सोडलेल्या जागा भरायची. हरिचंद लहानपणापासून हे बघत आला होता. पण त्या दिवशी तो असा बघत बसला, की याडीला विचारावं लागलं, "काई हरवलं का रं तुझं यात?"

सोमवारी त्यानं कोंडीबा सरांकडून दोन तासांची मोकळीक घेतली. मग रोजच घेऊ लागला. युक्ती अशी, की ओळ एकदा छापायची, पाचव्या पिनेची जागा रिकामी राहील. मग कागद केसभर सरकवायचा, म्हणजे चौथी पिन त्या रिकाम्या जागेसमोर येईल, आणि तेवढीच रेघ तिच्याकडून मारून घ्यायची. सांगायला हे दोन वाक्यांत होतं. करायला त्याला जुलै अख्खा लागला, कारण कागद कधी केसाऐवजी शेंडीएवढा सरकायचा. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दाखला निघाला तो डोक्यावर पदर घेऊन. वेळ दुप्पट लागत होता. घाई होती कुणाला?

कॉम्प्युटरवर छपाईचं काम करायचा तो प्रोग्रॅम 'हेरॉन' नावाच्या एका प्रकल्पाचा होता. हेरॉन म्हणजे बगळा. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून तो एकच प्रोग्रॅम लिहितात, एकमेकांचं तपासतात, चुका काढतात, आणि झालं की सगळ्यांना फुकट देतात, असं हरिचंदनं मधल्या सुट्टीत सुदाम सरांना सांगितलं.

"पगार?" सुदाम सरांनी विचारलं. तेही सात वर्षांपासून यादीची वाट बघत होते.

"बहुतेकांना न्हाई."

"म्हंजी आपल्या शाळेसारखंच. तिकडं बी कुनी आबा असंल."

आबा नव्हता, लार्स होता. डेन्मार्कचा. प्रकल्पात कुणी काही लिहून पाठवलं तर ते घ्यायचं की नाही, हे तो ठरवायचा. हरिचंदनं हिंगोलीच्या सायबर कॅफेत बसून पिनेची ती युक्ती करणारा, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम त्याला पाठवला. सोबत पत्र लिहिलं, 'आदरणीय लार्स साहेब, सविनय सादर की' अशी सुरुवात करून. प्रोग्रॅमच्या आतही, जिथं कुठली ओळ काय करते ते इंग्रजीत थोडक्यात लिहून ठेवायची पद्धत असते, तिथं त्यानं लिहिलं होतं, 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की पाचवी पिन निकामी झालेली असून तिचा कार्यभार चौथ्या पिनेकडे सोपविण्यात येत आहे.' दुसरी कुठली इंग्रजी त्याला येत नव्हती. ही मात्र मुरलेला कारकून लिहील तशी सफाईदार होती.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. लार्सनं विचारलं होतं, की नवीन प्रिंटर घ्यायचा सोडून तुम्ही हे का केलं? ते वाचून हरिचंद खट्टू झाला. पण त्याच पानावर खाली आणखी उत्तरं होती. बोलिव्हियातल्या कुठल्या डोंगरातल्या शाळेतली एक कारकून बाई लिहीत होती, की आमच्याकडं हाच प्रिंटर आहे, आमची तिसरी पिन गेलीय, हे आम्हाला चालेल का? टांझानियातला एक जण म्हणत होता, आमच्या दोन गेल्यात.

कारकुनाला कारकून भेटली. तिचं नाव इतकं लांब होतं की हरिचंद घरी तिला बोलिव्हियाची बाईच म्हणायचा. दर रविवारी तो हिंगोलीला जायचा. लार्स चुका काढायचा, हरिचंद दुरुस्त करायचा, बाई तिकडं छापून बघायची आणि काय उमटलं ते कळवायची. पाच वेळा प्रोग्रॅम परत आला. लार्सनं लिहिलं, मला साहेब म्हणू नका. हरिचंदनं पुढच्या पत्रात 'आदरणीय लार्स' एवढंच लिहिलं, आणि दिवसभर त्याला कुणाचा तरी अपमान केल्यासारखं वाटत राहिलं. पण पिनेचा कार्यभार सोपवणाऱ्या त्या ओळी लार्सनं तशाच राहू दिल्या. त्या त्याला आवडल्या होत्या.

जानेवारीत लार्सचं पत्र आलं, की काम चांगलं आहे, घेतो. फक्त एक कागद पोस्टानं येईल, त्यावर सही करून पाठवा.

कागद फेब्रुवारीत आला. बाहेरच्या देशाचं तिकीट बघून बाळापूरचा पोस्टमन तो स्वतः शाळेत घेऊन आला आणि उघडेपर्यंत उभा राहिला. मजकूर एवढाच, की हे काम मी केलं, ते मी प्रकल्पाला देतो. खाली दोन रकाने होते. तुम्ही नोकरीत असाल तर तुमच्या मालकानं लिहून द्यावं, की या कामावर आमचा हक्क नाही. नोकरीत नसाल तर तुम्ही लिहून द्यावं, की हे काम करताना मला कुणी मालक नव्हता. दोन्हीपैकी एक रकाना भरल्याशिवाय काम घेता येणार नाही. हेतू साधा होता. उद्या कुणी कंपनी उठून म्हणू नये, की हा आमचा माणूस होता, त्याचं काम आमचं.

हरिचंदनं ते तीनदा वाचलं आणि सुदाम सरांच्या हातात दिलं.

"मालक न्हाई म्हनून लिहून टाका," सुदाम सर म्हणाले. "खरंच हाय ते. आठ वर्षांत कुनी आपल्याला चहा तरी पाजला का?"

"असं लिहून दिल्यावर सर, उद्या यादीच्या वेळी कुनी तोच कागद काढला तर? मी शाळेचा मानूस न्हाई, असं माझ्याच सहीनं."

"डेन्मार्कहून कोन काढायला येऊन राहिलं?"

पण हरिचंद कागदाला घाबरणारा माणूस. कागद कुठून कुठं जातो हे त्यानं परभणी-हिंगोलीत बघितलेलं होतं. त्यानं पहिला रकाना भरायचं ठरवलं, रीतसर ना-हरकतीचा अर्ज लिहिला आणि आबांच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

आबांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचून घेतले. इंग्रजी हरिचंदनंच वाचून दाखवलं.

"हक्क सोडून दे म्हनतात," आबा म्हणाले. "कशावरचा?"

"प्रिंटरची पिन तुटली व्हती आबा, तिच्यावर मी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याच्यावरचा."

"तुटलेल्या पिनीवरचा हक्क सोडवायला फॉरेनचा मानूस तिकीट लावून कागद पाठवतो. काहून?"

"त्यांचा नियम हाय."

"राठोड, मी चाळीस वर्षं लोकांकडून हक्क सोडून घेतले. ज्याच्यात काई न्हाई तो कुनी सोडून घेत नसतो." आबांनी कागद घडी करून खिशात घातला. "वकिलाला इचारतो. जा तू."

वकिलाला विचारायला आबांना पाच आठवडे लागले. मार्चच्या शेवटी त्यांनी हरिचंदला बोलावून घेतलं. चेहरा हसरा होता.

"लय हुशार निघाला रे तू. मी सही करायची मालक म्हनून, म्हंजी २००३ साली राठोड माझ्याकडं नोकरीला व्हता हे माझ्या शिक्क्यानं कबूल झालं. नेमणुकीची ऑर्डर मागायची हिंमत न्हाई झाली, आन् ती बगळ्याच्या पोटातून काढून राहिला."

हरिचंदच्या हे ध्यानीमनी नव्हतं. ते त्यानं सांगितलं, आणि आबांना ते खरं वाटलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या ध्यानीमनी ते पहिल्यांदा आलं असतं.

"तो दुसरा रकाना हाय ना, मालक नव्हता म्हनून," आबा कागद परत देत म्हणाले, "तो भर. माझी काई ना न्हाई. पोस्टाचं तिकीट माझ्याकडून."

तिकडं लार्सनं कळवलं, की एप्रिल अखेरपर्यंत ज्यांचे कागद येणार नाहीत त्यांचं काम नव्या आवृत्तीतून वगळावं लागेल, वाईट वाटतं, पण नियम आहे. खाली बोलिव्हियाच्या बाईची ओळ होती. तिच्या शाळेचे दाखले डिसेंबरात निघतात, तोवर नवी आवृत्ती येईल ना?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, परीक्षा संपून शाळा रिकामी असताना, हरिचंदनं दुसरा रकाना भरला. 'हे काम करतेवेळी मी कोणाचाही कर्मचारी नव्हतो.' खाली सही केली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. कागद पाकिटात घालून चिकटवला असता तर ही गोष्ट इथं संपून सगळ्यांचं भलं झालं असतं.

पण नुसत्या सहीचा तो कागद हरिचंदला अंगावर कपडा नसल्यासारखा दिसायला लागला. शिक्का नाही, साक्षांकन नाही. डेन्मार्कवाल्यांनी मागितलं नव्हतं, पण न मागता जोडलेलं कधी वाया जात नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. तो कोंडीबा सरांकडं गेला. सरांनी "त्या प्रिंटरचंच ना?" एवढं विचारून 'समक्ष सही केली' असं लिहिलं आणि शाळेचा गोल शिक्का मारला. शिक्का मारला म्हणजे कागद शाळेतून गेला. शाळेतून गेला म्हणजे जावक क्रमांक आला. हरिचंदनं रजिस्टर उघडलं, आणि वळणदार अक्षरात नोंद केली. जावक क्रमांक ११४. कोणास, हेरॉन प्रकल्प, डेन्मार्क. विषय, ह. बा. राठोड हे कोणाचेही कर्मचारी नसल्याबाबत. खाली लाल रेघ. मग झेरॉक्स काढून आणली आणि स्थळप्रत म्हणून फाईलला लावली.

आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का? सुदाम सरांनी पुढं त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "कळत व्हतं सर. पन नोंद न करता कागद बाहेर पाठवायचा म्हंजी चोरी केल्यासारखं वाटतं."

दिवाळीच्या आसपास नवी आवृत्ती आली. तिच्यासोबत ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांच्या नावांची यादी होती, दोनशेच्या वर नावं. त्यात एकशे एकसष्टावं, हरिचंद बाबूसिंग राठोड, हिंगोली. त्यानं ते पान शाळेच्याच प्रिंटरवर छापलं आणि घरी नेलं. निलमनं बोटानं ओळ शोधून नाव वाचलं, सासऱ्यांचं नावही त्यात आहे म्हणून पुन्हा वाचलं. याडीला वाचता येत नव्हतं. तिनं कागद वरून खालपर्यंत बघितला.

"याच्यात आबाचं नाव कुठं हाय?"

"न्हाई याडी. त्यांचं न्हाई."

"मग कोन लावलं तुला या यादीत?"

"मीच लागलो."

याडीला ते पटलं नसावं. पण तिनं तो कागद लग्नपत्रिकांच्या डब्यात ठेवायला दिला.

२००६ मध्ये अनुदान आलं. शाळेत पेढे वाटले गेले. त्या आठवड्यापासून आबांचा भाचा ओमप्रकाश ऑफिसात येऊन बसायला लागला. पोरगा वाईट नव्हता. बी.ए. होऊन घरी होता, हरिचंदला काका म्हणायचा. "मामा म्हनले काम शिकून घे," तो म्हणाला, आणि हरिचंदनं त्याला आवक-जावक शिकवली. दोन महिन्यांनी मान्यतेचा प्रस्ताव हिंगोलीला गेला, तो आबांच्या दुकानातून परस्पर. सुदाम सरांचं नाव होतं. कनिष्ठ लिपिकाच्या जागी ओमप्रकाशचं होतं, जून १९९६ पासून. हरिचंदच्या सह्यांचं जुनं मस्टर कपाटात उरलं नव्हतं; प्रस्तावासोबत दहा वर्षांचं कोरं करकरीत मस्टर, त्यात ओमप्रकाशच्या सह्या. पहिल्या सहीच्या दिवशी तो सातवीत होता.

हरिचंदनं तक्रार केली. नोव्हेंबरात शिक्षणाधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली. आबा, आबांचा वकील, ओमप्रकाश, आणि दुसऱ्या बाजूला हरिचंद एकटा. सुदाम सर बाहेर बाकावर. त्यांना आत यायची भीती होती, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"मस्टर तर यांचं दिसतंय," साहेब म्हणाले. "तुमच्याकडं काय पुरावा?"

"जावक रजिस्टर मागवा साहेब," हरिचंद म्हणाला. "दहा वर्षांचं. सगळं अक्षर माझं हाय. कुनाला बी दाखवा."

त्याला वाटलं होतं रजिस्टर आणायला टाळाटाळ करतील. आबांनी ते पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी पानं उलटली. हरिचंदकडून एका कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या, अक्षर जुळवून बघितलं. ओमप्रकाश खाली बघत होता. काही वेळ असा गेला की हरिचंदला आपण यादीत आल्यासारखं वाटलं.

"अक्षर यांचंच आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, दोन हजार चारचा एप्रिल बघा," आबा सावकाश म्हणाले. "डेन्मार्कचं पान."

वकिलानं स्थळप्रत काढून पुढं सरकवली. साहेबांनी ती वाचली, रजिस्टरमधली नोंद वाचली, शिक्का बघितला.

"ही सही तुमची?"

"व्हय."

"कोणाचाही कर्मचारी नाही, असं तुम्हीच लिहून दिलं. शाळेच्या शिक्क्यानं. मग हे खरं, की तुमची आत्ताची तक्रार खरी?"

साहेब माणूस बरा होता. कारकुनापासून वर चढलेला असावा, कारण रजिस्टरवरून त्याचा हात जरा वेळ फिरत राहिला होता. साहेब म्हणाले, "तो डेन्मार्कचा कागद तुम्ही चुकीनं, खोटा दिला, असं लिहून देता का? मग मला काहीतरी बघता येईल. जेवणानंतर सांगा."

बाहेर टपरीवर सुदाम सरांनी दोन चहा सांगितले.

"द्या लिहून खोटा व्हता म्हनून. इचार काय करून राहिले?"

"खोटा म्हनलं की तिकडचं काम रद्द होतं सर. त्यांना ते काढून टाकावं लागंल."

"काढू द्या. त्यांना कळनार बी न्हाई."

"मला कळवावं लागंल ना."

सुदाम सरांनी कपाळावर हात मारला. "राठोडभाऊ, हात जोडतो. घरचं बघा. बगळ्याचं बघून ऱ्हायले."

"सर, त्यांनी माझा कागद तपासला न्हाई," हरिचंद म्हणाला. "मी कोन, कुठला, काई इचारलं न्हाई. मी लिहिलं ते खरं धरलं. हितं दहा वर्षं रोज सही केली, ती कुनी धरली न्हाई." चहा तसाच होता. "आन् खरं सांगू का, तो कागद खोटा व्हताच न्हाई."

जेवणानंतर तो आत गेला आणि म्हणाला, "साहेब, दोन्ही खरं हाय. काम मी केलं. मालक कुनी नव्हता."

साहेबांनी पेन हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. "राठोड, मला एकच लिहिता येतं."

त्यांनी एकच लिहिलं. महिन्याभरात ओमप्रकाशची मान्यता आली. हरिचंद शाळेत चार्ज द्यायला गेला तेव्हा कोंडीबा सरांचीच अडचण झाली. जो नोकरीत नव्हता त्याला कार्यमुक्त कसं करायचं, त्याचा नमुना कुठंच नव्हता. शेवटी त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ओमप्रकाशला प्रिंटरची फीत कशी बसवायची ते दाखवलं. ओमप्रकाश सायकलीपर्यंत सोबत आला.

"काका, माझ्यावर राग धरू नका."

"धुळीचं बघत जा. त्याच्यावर फडकं टाकत जा," हरिचंद म्हणाला.

निलमला त्यानं सगळं सांगितलं, जेवणानंतर साहेब काय म्हणाले होते तेही. न सांगता चाललं असतं.

"तुमी खोटं म्हनले असते तर कुनाचं काय गेलं असतं?"

"बोलिव्हियाच्या बाईचं."

"ती येनार हाय का माझ्यासंगं कापूस येचायला?"

दुसऱ्या दिवशी तो तिच्यासोबत कापूस वेचायला गेला, आणि मग रोजच जायला लागला. तिच्यापेक्षा त्याचा हात हळू होता. दुसऱ्यांच्या रानात तो वेचून ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ती परत फिरून त्याची राहिलेली बोंडं वेचत यायची.

हिंगोलीला जाणं दर रविवारचं महिन्यातून एकदा झालं. पुढच्या मार्चमध्ये लार्सचं पत्र येऊन पडलेलं होतं. टांझानियावाल्यानं हरिचंदच्या भागात एक चूक दाखवली होती, लागोपाठच्या दोन पिना गेल्या तर कागद जास्त सरकतो. ज्याचं काम त्यानं आधी बघावं, अशी तिथली रीत. हरिचंदनं कॅफेतच बसून चूक शोधली. ती सापडल्यासारखी वाटत होती. पण छापून बघितल्याशिवाय पाठवायची कशी?

तो शाळेत गेला. ओमप्रकाश उठून उभा राहिला. फक्त तासभर प्रिंटर वापरू दे, कागद मी आणलेत, असं हरिचंद म्हणाला.

"माझी काई ना न्हाई काका. पन मामांना इचारावं लागंल. तुमी एक अर्ज देता का?"

हरिचंदनं अर्ज लिहिला. सवयीनं नावाखाली हुद्दा लिहायला गेला आणि तिथं हात थांबला. मग ती जागा कोरीच ठेवली. ओमप्रकाशनं आवक क्रमांक घातला, जसा शिकवला होता तसा. उत्तर आलं नाही. एप्रिल गेला, मे गेला.

जूनमध्ये त्यानं लार्सला लिहिलं, 'माझ्याकडे आता प्रिंटर नाही. चूक कुठे असावी ते खाली लिहिले आहे. कृपया हे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवावे.' पुढच्या खेपेला कॅफेत बघितलं, तर लार्सनं दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं होतं. वाईट वाटलं, आभार, तब्येत बरी आहे ना, असं बरंच काही. शेवटी लिहिलं होतं, की नियमाप्रमाणे तुमचं नाव चालू सहकाऱ्यांच्या यादीतून काढून माजी सहकाऱ्यांच्या यादीत टाकतोय. सोबत तारखा होत्या, ऑगस्ट २००३ ते जून २००७.

हरिचंदनं त्या तारखा नीट बघितल्या. बरोबर होत्या. मागं खुर्चीसाठी दोन पोरं थांबलेली होती, म्हणून तो उठला.

जीप तांड्याच्या फाट्यावर थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. निलम तिथंच उभी होती, दुकानातून तेल घेऊन निघालेली.

"काय म्हनत व्हते तुमचे डेन्मार्कवाले?"

"मी जून २००७ पर्यंत त्यांच्याकडं कामाला व्हतो, असं लिहून दिलं."

"शिक्का हाय का त्याच्यावर?" तिनं विचारलं. ती चिडवत होती की खरंच विचारत होती, ते त्याला कळलं नाही.

"न्हाई," तो म्हणाला, आणि तेलाचा डबा तिच्या हातातून घेतला.